यीस्टजन्य संसर्ग आणि कवकरोधी औषधे : एक विवेचन

मानवी शरीरात तोंड, आतडे, त्वचा व योनिमार्ग या ठिकाणी कॅन्डिडा हे यीस्ट वर्गातील कवक बहुधा निरुपद्रवीपणे वास करीत असते. प्रतिजैविकांचा वापर, अनियंत्रित मधुमेह, गर्भावस्था अथवा क्षीण प्रतिकारशक्ती यांमुळे त्याची बेसुमार वाढ झाली की संसर्ग उद्भवतो. जिवाणूंवरील प्रतिजैविके येथे निरुपयोगी असतात; किंबहुना तीच संसर्गाला वाट करून देतात.

कवकाची पेशी जिवाणूपेक्षा मानवी पेशीला अधिक जवळची असल्याने एकीला मारताना दुसरीला इजा होण्याचा धोका असतो. मात्र मानवी पेशीपटलात कोलेस्टेरॉल, तर कवकाच्या पेशीपटलात अर्गोस्टेरॉल असते. एवढ्याशा भेदावर बहुतेक औषधांची भिस्त आहे. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन या अमेरिकन संशोधिकांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळविलेले निस्टॅटिन अर्गोस्टेरॉलला चिकटून पटलाला छिद्रे पाडते. पुण्याजवळील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात शोधलेले हॅमायसिन याच कुळातील. त्याच्या जनक सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. क्लोट्रिमॅझोल व फ्लुकोनॅझोल मात्र अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत.

योनिमार्गाच्या साध्या संसर्गात फ्लुकोनॅझोलची १५० मि.ग्रॅ.ची एकच मात्रा किंवा योनिमार्गात ठेवावयाच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या सामान्यतः पुरतात. गर्भवतीस पोटातून फ्लुकोनॅझोल न देता ७ दिवस स्थानिक उपचार करतात.

खरी अडचण औषधाची नसून निदानाची आहे. खाज व स्राव सुरू होताच संकोचापोटी दुकानातून परस्पर गोळी आणली जाते. जिवाणूजन्य किंवा ट्रायकोमोनासच्या संसर्गाची लक्षणे काहीशी अशीच असतात, पण त्यांवर ही गोळी चालत नाही आणि दुखणे अंगावर काढले जाते. वास्तविक स्रावाची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी काही मिनिटांचे काम आहे. वर्षात ३ वा अधिक वेळा त्रास झाल्यास संवर्धन करून जाती ओळखणे आवश्यक ठरते. कारण कॅन्डिडा क्रुसेई ही जाती फ्लुकोनॅझोलला मुळातच दाद देत नाही. नेहमीची कॅन्डिडा अल्बिकन्स आढळल्यास प्रारंभिक उपचारानंतर आठवड्यास एक गोळी ६ महिने देतात. अशा रुग्णांची रक्तशर्कराही तपासावी लागते. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्या साखरेवर यीस्ट पोसते.