झेब्रा पट्ट्यांवर आधी कोण?

सिग्नल किंवा वाहतूक पोलीस नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा, थांबायचे आणि पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. व्हीलचेअरवरून जाणाऱ्यालाही हाच हक्क आहे. केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांत (क्रमांक ३९) हे स्पष्ट लिहिले आहे. त्यातच आणखी एक तरतूद आहे, आपल्या शहरांत ती सर्रास मोडली जाते: पुढे वाहतूक तुंबली असेल आणि गाडी पट्ट्यांवरच अडकणार असेल, तर पट्ट्यांवर चढायचेच नाही.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार हे विनियम मोडल्यास किमान ५००, कमाल १,००० रुपये दंड. ही रक्कम फारच अपुरी आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत ३२,८२५ पादचारी मरण पावले. एकूण बळींपैकी जवळजवळ एकपंचमांश.

फार घातक ठरतो तो हा प्रसंग: बस थांबते, पादचारी तिच्या पुढून निघतो आणि शेजारच्या लेनमधून दुचाकी वेगात येते. बसच्या आडोशामुळे दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. ताशी ५० किलोमीटर वेगातले वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर कापते. ब्रेक दाबेपर्यंत पट्टे मागे पडलेले असतात. त्यामुळे पट्ट्यांपाशी शेजारचे वाहन थांबलेले दिसले, की कारण दिसत नसले तरी आपणही थांबावे, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी.