पत्ता : तालुका मुळशी

पाऊस सुरू झाला की ऑफिसात शुक्रवारी एकच विषय, ‘मुळशीला जायचं?’ चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड... वाटेत गरमागरम भजी, धरणाच्या काठावर फोटो आणि मूड असेल तर थेट ताम्हिणी. पण एक गंमत कधी लक्षात आलीय? तालुक्याचं नाव मुळशी, कचेरी मात्र पौडला! आणि जुन्या मुळशी पेट्यातली कितीतरी गावं तुमच्या फोटोतल्या त्या निळ्याशार पाण्याखाली आहेत.

मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात मावळ्यांची भातखाचरं होती. टाटा कंपनीला इथे धरण बांधून मुंबईसाठी वीज करायची होती. सरकारने जमिनी संपादन करून दिल्या. पन्नासेक गावांवर पाणी येणार होतं. 16 एप्रिल 1921, रामनवमी. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन!’ काम काही काळ थांबलंही. पुढारी होते पांडुरंग महादेव बापट. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली.

मग हरले का? एक कारण आपल्या पुण्यातलंच. बऱ्याच जमिनी कागदोपत्री शहरातल्या सावकारांकडे होत्या. त्यांना नुकसानभरपाईची रोख रक्कम पुरेशी वाटली. कसणाऱ्याच्या हाती काय राहिलं? 1924 पर्यंत लढा ओसरला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. मुळशीचं पाणी घाट उतरून कोकणात गेलं, वीज मुंबईला! राजेंद्र व्होरा यांनी आपल्या पुस्तकात या लढ्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय.

गावं गेली, नाव उरलं. जमिनीचा प्रश्नही उरलाच. 2018 मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ आला, तेव्हा जमीन विकून बसलेल्या घरातला पोरगा आपण पडद्यावर पाहिला, शिट्ट्या मारल्या आणि घरी आलो.

आता सोमवारी एक करा. हिंजवडीत नोकरी असेल, तर कंपनीचा पूर्ण पत्ता जरा नीट वाचा. गाव हिंजवडी, तालुका मुळशी. वीकेंडलाच कशाला, आपण रोजच मुळशीला जातो की!