केपची फुले, बेंगळुरूचे अंगण

सत्काराच्या पुष्पगुच्छात किंवा लग्नमंडपाच्या कमानीवर जरबेरा हमखास दिसतो. हे फूल मूळचे दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन परिसरातील आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ग्लॅडिओलसच्या बागायती जातींचे पूर्वज प्रामुख्याने त्याच भूभागातील, आणि पक्ष्याच्या तुऱ्यासारखे दिसणारे बर्ड ऑफ पॅरडाइजही तिकडचेच.

बेंगळुरूचा त्या भूमीशी असलेला संबंध जुना आहे. येथील बागांचे वर्णन करताना फ्रान्सिस बुकानन यांनी इ. स. १८०० मध्ये केप ऑफ गुड होपहून आलेल्या पाइन व ओकच्या रोपांची नोंद केली. ही झाडे मूळची केपची नव्हेत. मात्र त्या सागरी मार्गाने रोपांची ये-जा होत असे, हे त्यावरून कळते. पुढे बडोदे संस्थानात काम केलेले गुस्ताव क्रुम्बिगेल १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि लालबागेच्या द्वारे देशोदेशीचे वृक्ष या शहरात रुजले.

तथापि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची प्रत्येक वनस्पती येथे रुजत नाही. केपच्या नैर्ऋत्य भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथील ‘फिनबॉस’ या झुडुपी वनराजीसह सुमारे नऊ हजार वनस्पतिजाती त्या छोट्याशा प्रदेशात आढळतात. त्यांपैकी बहुसंख्य जगात अन्यत्र कोठेही नाहीत. २००४ मध्ये या प्रदेशातील संरक्षित क्षेत्रांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. याउलट पूर्वेकडे आपल्यासारखाच उन्हाळी पाऊस पडतो. जरबेरा त्या पूर्व भागातील असल्याने सुमारे नऊशे मीटर उंचीवरील बेंगळुरूची सौम्य हवा त्याला मानवते.

प्रस्तुत लेखकाने हौसेने प्रोटियाचे रोप आणले होते. त्याला शेणखत व हाडांचा चुरा घातला आणि थोड्याच दिवसांत ते करपले. फिनबॉसची माती निकस असते. स्फुरदाचा कण न् कण शोषून घेण्यासाठी प्रोटियाची मुळे घडलेली असतात, त्यामुळे तेच स्फुरद अधिक झाले की विषासारखे ठरते. माझी माया त्या रोपाला भोवली!

जरबेऱ्याचे गणित निराळे आहे. हरितगृहात उंच गादीवाफे, ठिबक सिंचन आणि किंचित आम्लधर्मी माती लागते. रोपाचा गड्डा मातीच्या वर राहिलाच पाहिजे; तो गाडला गेल्यास कूज लागते. लागवडीनंतर साधारणतः तीन महिन्यांनी फुले येऊ लागतात आणि पीक दोन-तीन वर्षे टिकते. फूल कापू नये, हलकेच पिळून काढावे.

म्हणून हरितगृहासाठी कर्ज घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांना नम्र सूचना अशी, की प्रकल्प अहवालातील उत्पन्नाचे आकडे पाहण्यापूर्वी कूपनलिकेचे पाणी व माती तपासून घ्यावी. पाण्यातील क्षार मुळांना बाधले, तर फुले घटतात. हप्ते मात्र घटत नाहीत. कर्जदाराची पत आपण पाहतोच. रोपाची मूळ भूमीही पाहावी.