कलरिंग बुक विकायचंय? आधी कागद बघा, मग चित्र



मोठ्या माणसांसाठीचं फँटसी कलरिंग बुक आणि त्यासोबत रंगांचं किट. हा घरातून सुरू करता येण्यासारखा धंदा आहे. दहा हजारांच्या आत सुरुवात होते, माल नासत नाही आणि राखी, दिवाळी, वाढदिवस अशी गिफ्टची निमित्तं वर्षभर असतात. पण नवीन माणूस इथे एक गोष्ट हमखास करतो. सुंदर मुखपृष्ठाची वीस पुस्तकं उचलतो, स्वस्तातले वीस रंगांचे डबे उचलतो, दोन्ही एका खोक्यात घालतो आणि म्हणतो, झालं किट!

झालं नाही. पुस्तक आणि रंग यांची जोडी जुळावी लागते. ती जुळवून देणं हेच तुमचं काम, आणि गिऱ्हाईक पैसेही त्याचेच देतं. नाहीतर पुस्तक त्याला ऑनलाइन मिळतंच की.

गिऱ्हाईक भांडत नाही, फक्त परत येत नाही

तुमचं गिऱ्हाईक कोण, ते आधी समजून घ्या. शाळा सुटल्यापासून हातात रंग न धरलेली नोकरदार बाई. मुलं झोपल्यावर अर्धा तास स्वतःसाठी काढणारी आई. नुकतेच निवृत्त झालेले काका. ही माणसं किट उघडतात, मार्कर घेतात, एक पान रंगवतात. पान उलटतात तर शाई मागे फुटलेली, पुढचं चित्र खराब. किंवा पेन्सिल कितीही दाबली तरी रंग फिकाच.

अशा वेळी लहान मुलाची आई दुकानात येऊन भांडेल. मोठा माणूस भांडत नाही. तो मनात म्हणतो, ‘आपल्याला काही हे जमत नाही,’ आणि पुस्तक कपाटात टाकतो. चूक कागदाची असते, दोष तो स्वतःला देतो. तुमच्यापर्यंत तक्रार येत नाही, त्यामुळे काय बिघडलं ते तुम्हाला कळतही नाही. दुसरी ऑर्डर तेवढी येत नाही. म्हणून माल विकण्याआधी तपासायचा तो आपणच.

फँटसी पुस्तकाची गंमत आणि अडचण

मोठ्यांच्या कलरिंग बुकची लाट जगभर पसरली ती स्कॉटलंडची चित्रकार जोहाना बॅसफर्ड हिच्या २०१३ च्या ‘सिक्रेट गार्डन’ या पुस्तकानंतर. तिचं ‘एन्चांटेड फॉरेस्ट’ २०१५ मध्ये आलं. त्याच वर्षी फिलिपिन्सच्या कर्बी रोझानेसचं ‘ॲनिमॉर्फिया’ आलं. त्यात प्राण्यांच्या अंगातून चित्रविचित्र आकार बाहेर पडताना दिसतात. जंगलं, ड्रॅगन, जलपऱ्या, तरंगते राजवाडे अशा चित्रांचा हा प्रकार.

यात गिऱ्हाइकाचा मोठा फायदा असा, की इथे रंग चुकतच नाही. आंबा निळा रंगवला तर कुणीतरी हसेल. ड्रॅगन निळा, जांभळा, गुलाबी काहीही चालतो. हात आखडलेल्या माणसाला ही मोकळीक हवीच असते.

अडचण दुसरी आहे. चित्रं फार बारीक असतात. ड्रॅगनच्या अंगावर शेकडो खवले, प्रत्येक खवला ज्वारीच्या दाण्याएवढा. तिथे जाड टोकाचं स्केचपेन शिरतच नाही. म्हणून पुस्तक निवडताना या पाच गोष्टी बघा:

१. सगळ्यात लहान रिकामी जागा. टोक केलेली पेन्सिल त्यात फिरते का? ज्येष्ठ गिऱ्हाईक असेल तर मोठ्या जागा आणि ठळक रेषा असलेलं पुस्तकच द्या.

२. छपाई एका बाजूला की दोन्ही बाजूंना. ‘सिक्रेट गार्डन’सारख्या पुस्तकांत पानाच्या दोन्ही बाजूंना चित्रं आहेत. डोव्हर प्रकाशनाच्या ‘क्रिएटिव्ह हेवन’ मालिकेत चित्र एकाच बाजूला असतं आणि पान अलगद फाडून घेता येतं. कुठला रंग द्यायचा, ते यावरच ठरतं.

३. कागदाची जाडी. ही जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा. रंगीत पेन्सिलीसाठी १०० ते १२० च्या पुढे बघा, स्केचपेनसाठी १५० च्या आसपास. ओल्या जलरंगासाठी २०० च्या वर, ३०० असेल तर उत्तम.

४. कागदाचा पोत. जाड कागद म्हणजे चांगला कागद असं नाही. चकचकीत गुळगुळीत कागदावर पेन्सिल घसरते, रंग धरत नाही. बोटाला किंचित खरखर जाणवली पाहिजे.

५. बांधणी. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं का? नाहीतर शिवणीजवळचा भाग रंगवताच येत नाही.

आता रंग: कुठला कुठे चालतो?

रंगीत पेन्सिल. फँटसी पुस्तकाला सगळ्यात सुरक्षित. मागे फुटत नाही, बारीक जागेत जाते, एकावर एक थर देता येतात. यात दोन प्रकार आहेत. मेणाधारित पेन्सिल मऊ असते, रंग गडद येतो, पण टोक लवकर झिजतं, शिसं लवकर तुटतं आणि जास्त थर दिले तर काही दिवसांनी वर पांढुरकी साय येते. ती मऊ टिश्यूने हलक्या हाताने पुसली की जाते. तेलाधारित पेन्सिल थोडी कडक, टोक टिकवणारी, किमतीला जड. प्रिझमाकलर प्रीमियर हे पहिल्या प्रकारातलं आणि फाबर-कास्टेल पॉलिक्रोमॉस हे दुसऱ्या प्रकारातलं प्रसिद्ध नाव. पहिल्या किटमध्ये एवढ्या महागात जायची गरज नाही. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या कंपन्यांचे दोन-तीन डबे आणा, एकाच कागदावर घासून बघा. कमी दाबात जास्त रंग देणारा डबा घ्या.

स्केचपेन. पाण्यावर आधारित. दीडशेच्या कागदावर बऱ्यापैकी चालतं, पण एकाच जागी तीनदा फिरवलं की कागदाचा भुसा निघतो. टोक बारीक असेल तरच द्या.

अल्कोहोल मार्कर. व्हिडिओत फार छान दिसतात, म्हणून सगळ्यांना हवे असतात. पण साध्या कलरिंग बुकच्या कागदातून ते आरपार जातात. एका बाजूला छापलेलं पुस्तक असेल तरच द्यायचे, आणि पानाखाली ठेवायला एक जाड कोरा कागद किटमध्ये घालायचा.

जेल पेन. ताऱ्यांची चमक, डोळ्यातला ठिपका, सोनेरी मुकुट यासाठी. पूर्ण पान रंगवायला नव्हे. एक पांढरं आणि एक सोनेरी पुरे. सुकायला वेळ लागतो, आणि पावसाळ्यात, त्यातही कोकणात, आणखी लागतो. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

जलरंग. पातळ कागदाला पाणी लागलं की पान लाटेसारखं वाकडं होतं. पुस्तकाचा कागद खास त्यासाठी नसेल तर किटमध्ये घालू नका.

चाचणी पान: एक संध्याकाळ द्या, भांडवल वाचवा

घाऊक खरेदीआधी एकच प्रत विकत घ्या. शेवटच्या पानावर चार चौकोन आखा: पेन्सिल, स्केचपेन, जेल पेन, मार्कर. प्रत्येक चौकोन दोनदा रंगवा. दहा मिनिटं थांबा आणि पान उलटा. मागे डाग दिसला तर तो रंग त्या पुस्तकासोबत द्यायचा नाही. कागद वर आला, भुसा निघाला, रंग पसरला, सगळं वहीत लिहून ठेवा. या पानाचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲप कॅटलॉगमध्ये टाका. ‘आम्ही तपासून देतो’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा हा फोटो जास्त बोलतो.

हिशेब: खिशात नक्की किती?

समजण्यासाठी आकडे धरू. तुमच्या गावातले भाव तुम्ही घाला.

पुस्तक १८० रुपये, २४ पेन्सिलींचा डबा १७०, शार्पनर १५, पांढरं जेल पेन ४०, खोका-टिश्यू-चिठ्ठी ४०. झाले ४४५. कुरिअर ८०, म्हणजे ५२५. वाटेत कोपरा दुमडला, शिसं तुटलं म्हणून बदलून द्यावं लागणाऱ्या मालासाठी किटमागे २५ बाजूला ठेवा. एकूण ५५०. विक्री ६९९ ला.

बरेच जण फक्त पुस्तक आणि पेन्सिली धरतात, ३५० वजा करतात आणि ३४९ नफा म्हणतात. हातात पडतात १४९, आणि जाहिरातीचा खर्चही त्यातूनच निघायचाय. दहा हजार हातात असतील तर पहिल्या खेपेत दहाच किट करा. माल ४,४५० चा होतो, उरलेले ५,५५० राखून ठेवा. कुठलं पुस्तक चालतं ते कळल्यावर दुसरी खेप.

जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक गोष्ट. वेगवेगळ्या दराच्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या, तर मिश्र पुरवठा म्हणून सगळ्या किटवर त्यातला सर्वात जास्त दर लागतो. किंमत ठरवण्याआधी आपल्या सीएला किटची यादी दाखवा.

माल ठेवताना पावसाळ्याचा विचार करा. कागद ओल धरतो. पुस्तकं जमिनीवर नको, भिंतीला टेकून नको. फळीवर, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

दोन गोष्टी कधीच करू नका

पहिली: इंटरनेटवरची चित्रं उतरवून किंवा दुसऱ्याचं पुस्तक झेरॉक्स करून विकणं. आपल्या कायद्यानुसार कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ‘सगळेच करतात’ हे उत्तर नोटीस आल्यावर उपयोगाला येत नाही.

दुसरी: खोक्यावर ‘नैराश्य घालवते’, ‘चिंता बरी करते’ असं छापणं. रंगवताना मन रमतं, एवढं म्हणा. आपण वस्तू विकतो, औषध नाही.

पुढची पायरी: आपली स्वतःची फँटसी

दोन-तीन खेपा विकल्यावर स्वतःची पुस्तिका काढण्याचा विचार करा. ड्रॅगन तर सगळेच विकतात. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आहेत, दोन डोक्यांचा गंडभेरुंड आहे, देवळांत मकर आणि व्याल आहेत, गोष्टींत वेताळ आहे. एखाद्या कलाशिक्षकाकडून किंवा कलाविद्यार्थ्याकडून नवीन चित्रं काढून घ्या. पैसे किती, हक्क कुणाचे, नाव कुठे छापायचं, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. चित्रकाराला ‘एक्सपोजर’ नको असतं, मोबदला हवा असतो.

छापताना एवढं लक्षात ठेवा: साध्या इंकजेटवर छापलेल्या रेषा पाणी लागलं की पसरू शकतात, आणि लेझरच्या रेषा अल्कोहोल मार्करने पुसट होऊ शकतात. तेव्हा इथेही चाचणी पान आधी, छपाई नंतर.

आणि प्रत्येक किटमध्ये मराठीत चार ओळींची चिठ्ठी घाला: ‘हलक्या हाताने सुरुवात करा. फिकट रंग आधी, गडद नंतर. हाताखाली कोरा कागद ठेवा. पान पूर्ण करायची घाई नाही.’ छपाईला एक रुपयाही लागत नाही. पण रात्री साडेदहाला पहिल्यांदा पेन्सिल हातात घेणाऱ्या त्या ताईला वाटेल, कुणीतरी आपल्यासाठी विचार केलाय. तीच ताई पुढच्या महिन्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला दुसरं किट मागवेल.

या आठवड्याचं काम: एक पुस्तक, चार रंग, एक चाचणी पान. निकाल काय आला ते कमेंटमध्ये लिहा. मग भेटूच पुढच्या भागात. कामाला लागा!