आर्वीच्या गोट्यांवर चढणारी गाडी: रॉक क्रॉलर बांधा, पण आधी प्रश्न ठरवा

पीएच.डी.च्या मुलाखतीत "मला रोबोटिक्समध्ये काम करायचंय" असं सांगणारे खूप असतात. समोरचे प्राध्यापक लगेच विचारतात, "प्रश्न काय आहे तुमचा?" आणि तिथे गाडी अडते. म्हणून आज एका खऱ्याखुऱ्या गाडीबद्दल लिहितोय: रिमोटवर चालणारा, दगडधोंड्यांवर चढणारा रॉक क्रॉलर. तयार किट आणायचं नाही, शून्यापासून बांधायचा. तुमच्या कॉलेजात रोबोटिक्सची प्रयोगशाळा नसेल तर हा लेख खास तुमच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. क्रॉलर बांधणं म्हणजे संशोधन नाही, ते उपकरण तयार करणं झालं. संशोधन सुरू होतं ते "या गाडीवर मी काय मोजणार?" इथून. तरीही बांधणी स्वतः करावी असं माझं मत आहे, कारण विकतच्या गाडीत कोणता आकडा कुठून आला हे कळत नाही.

क्रॉलरला वेग नको असतो. चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर आठवा: २६ किलो वजन, सहा चाकं, वेग सेकंदाला साधारण १ सेंटिमीटर. २७ ऑगस्ट २०२३ ला त्याच्यापुढे ३ मीटरवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला आणि त्याला मागे फिरायची आज्ञा दिली गेली. त्याची रॉकर-बोगी रचना १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नरमध्येही होती. तिच्यात स्प्रिंग नसते. नुसत्या सांध्यांवर हलणारे दांडे सगळी चाकं जमिनीला टेकवून ठेवतात. आपण चारचाकीच बांधू. त्यातसुद्धा भरपूर भौतिकशास्त्र आहे.

आता आकडे. समजा गाडी २.५ किलोची, चाकाची त्रिज्या ५.५ सेंटिमीटर, आणि ४५ अंशांचा चढ चढायचाय. उताराच्या दिशेने खाली ओढणारं बल २.५ × ९.८ × साइन ४५, म्हणजे १७.३ न्यूटन. त्याला त्रिज्येने गुणलं की ०.९५ न्यूटन-मीटर, दुकानदाराच्या भाषेत जवळपास १० किलो-सेंमी. हा सगळ्या चाकांचा मिळून टॉर्क झाला. चार चाकांना चार गिअर मोटारी लावल्या तर प्रत्येकीला अडीच पुरेल असं वाटतं. पण दगडावर चारही चाकं एकदम पकड धरत नाहीत. दोनच धरतात असं माना, गिअरमधलं नुकसान धरून दुप्पट करा; एका मोटारीला निदान १० किलो-सेंमी लागेल. आणि बॉक्सवरचा मोठा आकडा बहुतेकदा स्टॉल टॉर्कचा असतो, म्हणजे मोटार फिरायची थांबते त्या क्षणाचा. मोटार त्याच्या तिसऱ्या हिश्शावर चालवायची, म्हणून खरेदी ३० च्या आसपासची करा. ६० आरपीएमची मोटार या चाकावर सेकंदाला ३४-३५ सेंटिमीटर नेते. तेवढं पुष्कळ झालं.

मोटार अडकली की ती प्रचंड करंट ओढते. १२ व्होल्टवर वाइंडिंगचा रोध ४ ओहम असेल तर एकीला ३ अँपिअर, चौघींना १२. एल२९८एन हा स्वस्तातला ड्रायव्हर एका चॅनलला २ अँपिअरचा असतो, त्यामुळे तो इथे टिकणार नाही. मोठा ड्रायव्हर घ्या, फ्यूज लावा, आणि सिग्नल तुटला की मोटारी थांबतील अशी फेलसेफ व्यवस्था रिसीव्हरमध्ये करून ठेवा.

सांगाड्याला स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांकडचे ॲल्युमिनियम चॅनलचे उरलेले तुकडे छान चालतात. ॲक्सलला बुश बसवायचा असेल तर लेथवाल्याकडे जा, पण तोंडी सांगू नका, मापं टाकलेलं चित्र न्या. (मापं टाकून चित्र काढता येणं हे अर्धं संशोधन-प्रशिक्षण आहे, असं मला वाटतं.) चाकांवर मऊ रबर हवं, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आतल्या स्पंजवर चढवल्या की काम भागतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो गाडी उलटण्याचा भाग. आडव्या उतारावर गाडी कोणत्या अंशाला उलटेल? डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा त्या कोनाचा टँजंट. अंतर २० सेंटिमीटर आणि उंची ९ असेल तर ४८ अंश. बॅटरी खाली आणून उंची ७ केली की ५५ अंश. दोन सेंटिमीटरनी सात अंश मिळाले! समोरचा चढ चढताना मागे उलटू नये म्हणून बॅटरी पुढच्या ॲक्सलकडे सरकवतात, तेही याच हिशोबाने. दोन ॲक्सलमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असेल आणि वजन मध्यावर असेल तर ९ सेंटिमीटर उंचीला ५९ अंश; ६० टक्के वजन पुढे टाकलं तर ६३.

आता हे मोजा. फळीवर गाडी आडवी ठेवा. खालची चाकं घसरू नयेत म्हणून त्यांच्याखाली ५ मिलिमीटरची पट्टी ठोका. फळी हळूहळू उचला आणि वरची चाकं सुटली त्या क्षणी मोबाइलवरच्या इन्क्लिनोमीटरचा कोन लिहा. असं दहा वेळा. सरासरी काढा, प्रमाण विचलन काढा.

बहुतेक वेळा कोन सूत्रापेक्षा कमी येईल. लगेच "प्रयोग चुकला" म्हणू नका. सूत्रात गाडी घट्ट, एकसंध धरली आहे. तुमच्या गाडीला सस्पेन्शन आहे. गाडी कलली की खालची स्प्रिंग दबते, बॉडी त्या बाजूला झुकते आणि गुरुत्वमध्यही खालच्या चाकांकडे सरकतो. टायर दबतं ते वेगळंच. मग सस्पेन्शन केबल-टायने घट्ट बांधून पुन्हा दहा वाचनं घ्या. दोन्ही सरासऱ्यांमधला फरक हा सस्पेन्शनचा परिणाम. स्प्रिंग बदला, बाकी काहीही बदलू नका, पुन्हा मोजा. आता तुमच्याकडे प्रश्न आहे: "स्प्रिंगच्या कडकपणानुसार उलटण्याचा कोन किती बदलतो?" मुलाखतीत सांगण्यासारखा.

घर्षणही त्याच फळीवर कळतं. पट्टी काढा, चाकं जाम करा, फळीवर सपाट दगड बसवून गाडी त्यावर ठेवा आणि घसरण्याचा कोन बघा. ३८ अंशांना घसरली तर घर्षणांक ०.७८. म्हणजे तशा सपाट दगडावर ४५ अंशांचा चढ कितीही मोठी मोटार लावली तरी होणार नाही. मघाचं टॉर्कचं गणित तिथे कामाला येत नाही. खडबडीत दगडात मऊ टायर रुतून धरतं, तेव्हा उत्तर बदलतं.

इथे एक गंमत. उलटण्याच्या आणि घसरण्याच्या या साध्या सूत्रांत गुरुत्वाकर्षण येतच नाही, म्हणून चंद्रावरही कोन तेच निघतील. टॉर्क मात्र तिथे सहाव्या हिश्श्याएवढाच लागेल. आणि गुरुत्व कमी झालं की स्प्रिंगही कमी दबते, म्हणजे सस्पेन्शनवाला फरक तिथे वेगळा येईल.

चाचणीच्या जागेसाठी आपल्याला लांब जायला नको. आर्वीचा परिसर दख्खनच्या बेसाल्टवर आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल गोटे तयार होतात, त्यांच्याभोवती मुरूम आणि वर काळी माती. एकाच नाल्यात तीन पृष्ठभाग मिळतात. इस्रोला चांद्रयान-२ च्या चाचण्यांसाठी तामिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट दळून चंद्रासारखी माती तयार करावी लागली होती, कारण चंद्राच्या उंच भागातला खडक त्या जातीचा आहे.

वहीत फक्त "दगडावर चालवली" असं लिहू नका. दगडाचा प्रकार, ओला की कोरडा, गोट्याची उंची, बॅटरीचं व्होल्टेज, तारीख, गाडीचं त्या दिवशीचं वजन, हे सगळं हवं. बॅटरी उतरली की चढ अर्ध्यात सुटतो आणि दोष टायरला लागतो, म्हणून व्होल्टेज प्रत्येक फेरीआधी. पावसाळ्यात तोच गोटा शेवाळलेला असतो. त्याच्यावर तीच दहा वाचनं परत घ्या आणि जुन्या रकान्याशेजारी नवा रकाना आखा.