निवारा केंद्रातील शांत कुत्र्याला घर मिळवून देताना : दत्तक घेण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

नवी दिल्ली : शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री हटवून ती निवारा केंद्रांत ठेवावीत आणि निर्बीजीकरण व लसीकरणानंतरही त्याच जागी पुन्हा सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. या आदेशाची चर्चा प्रामुख्याने नागरिकांची सुरक्षितता आणि प्राणिप्रेमींचे आक्षेप या दोन बाजूंनी झाली. एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. अशा आवारांतून उचललेल्या कुत्र्यांमध्ये कधीही कोणाला न चावलेली, माणसांच्या सहवासाला सरावलेली, मवाळ स्वभावाची कुत्रीही असतात. त्यांचे पुढे काय?

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी नियमांत काय बदलले ते पाहावे लागेल. २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला मूळ ठिकाणी परत सोडले जाते. दिल्ली परिसरातील प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशातही सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कायम ठेवले. रेबीजबाधित, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली. नोव्हेंबरच्या आदेशाने संस्थांच्या आवारांपुरता परतीचा हा मार्ग बंद झाला. तेथील कुत्रा शांत आहे की आक्रमक, याने त्यात फरक पडत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे रुग्णालयाच्या पायरीशी झोपणाऱ्या निरुपद्रवी कुत्र्यापुढे दोनच शक्यता उरतात : निवारा केंद्रात उर्वरित आयुष्य काढणे किंवा एखाद्या कुटुंबाने त्याला स्वीकारणे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री होती. एवढ्या संख्येपुढे दत्तक योजना हा सार्वत्रिक तोडगा होऊ शकत नाही. तो निर्बीजीकरण आणि लसीकरण हाच आहे. मात्र केंद्रातील प्रत्येक कुत्र्याच्या दृष्टीने घर मिळणे वा न मिळणे हा पुढील सगळ्या आयुष्याचा प्रश्न असतो. शिवाय एक कुत्रा घरी गेला, की उपचारांची खरी गरज असलेल्या दुसऱ्यासाठी जागा मोकळी होते. प्राणिप्रेमींना संबंधित महापालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची राहील, असे ऑगस्टच्या आदेशात नमूद आहे.

शांत स्वभावच आड येतो

केंद्रात येणाऱ्या कुटुंबांची नजर प्रथम पिल्लांकडे जाते. त्यानंतर लक्ष वेधतात ती जाळीशी धाव घेऊन शेपूट हलवणारी कुत्री. मोठ्या वयाचे, मागे भिंतीशी बसून केवळ पाहत राहणारे कुत्रे नजरेतून सुटते. वास्तविक लहान सदनिकेत, ज्येष्ठ नागरिकांच्या घरात किंवा प्रथमच कुत्रा पाळणाऱ्यांकडे असेच कुत्रे अधिक सहज रुळू शकते. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा घडेल हे सांगता येत नाही. प्रौढ कुत्र्याचा स्वभाव बहुतांशी समोर असतो.

तथापि शांतता दोन प्रकारची असते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. स्वभावतः शांत कुत्र्याचे अंग सैल असते, ते हातातून खाऊ घेते, थोड्या वेळाने स्वतःहून जवळ येते. भीतीने गोठलेले कुत्रेही शांतच दिसते. पण त्याचे अंग ताठ, शेपूट पोटाखाली आणि कान मागे असतात. ते नजर चुकवते, वारंवार ओठ चाटते, समोर ठेवलेले अन्नही खात नाही. असे कुत्रे घरासाठी अयोग्य ठरत नाही. त्याला अधिक वेळ आणि अनुभवी पालक लागतो.

येथे भारतीय संशोधन उपयोगी पडते. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत प्रा. अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास केला आहे. अनोळखी माणसावर विश्वास बसण्यासाठी कुत्र्यांना वारंवार दिलेल्या खाद्यापेक्षा मायेने कुरवाळणे अधिक परिणामकारक ठरते, असा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की एका भेटीत बिस्किटे देऊन निवड करू नये. वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा जावे, बाजूला बसावे, कुत्र्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावे आणि शक्य झाल्यास पट्टा लावून केंद्राबाहेर फिरवून आणावे.

केंद्राने काय सांगावे, कुटुंबाने काय विचारावे

सर्वाधिक माहिती रोज अन्न देणाऱ्या आणि पिंजरा स्वच्छ करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असते. लहान मुले जवळ आल्यास कुत्रा कसा वागतो, खाताना ताटलीला हात लावलेला चालतो का, पंजे व कान तपासू देतो का, मांजर किंवा दुसरे कुत्रे दिसल्यावर काय करतो, हे प्रश्न त्याला विचारावेत. केंद्रानेही केवळ ‘गोड स्वभावाचा’ असे न लिहिता नेमकेपणाने सांगावे : ‘मुलांजवळ शांत बसतो, मात्र फटाक्यांना घाबरतो.’ दोष लपवून दिलेला कुत्रा अनेकदा परत येतो आणि दुसऱ्यांदा घर मिळणे त्याला अधिक कठीण जाते. काही आठवड्यांसाठी एखाद्या घरात तात्पुरते ठेवल्यास पिंजऱ्यात न दिसणारा स्वभाव कळतो आणि घरात काढलेले छायाचित्रही इच्छुकांना अधिक खरे चित्र देते.

घरी नेण्यापूर्वी निर्बीजीकरणाचा दाखला, रेबीज व अन्य लसींची नोंद आणि जंतनाशकाची तारीख मागून घ्यावी. निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला सहसा खाच असते. भारतात गोचिडांमुळे होणारा ताप सर्रास आढळत असल्याने पशुवैद्यकाकडून रक्ततपासणी करून घेणे हिताचे. पाळीव कुत्र्याची महापालिकेकडे नोंदणी करावी. दिल्लीत ती महानगरपालिका कायद्याच्या कलम ३९९ नुसार अनिवार्य आहे, तर अन्य अनेक शहरांत वार्षिक परवाना घ्यावा लागतो. गृहनिर्माण संस्थेला बहुमताच्या ठरावानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. भाड्याने राहणाऱ्यांनी मात्र घरमालकाची लेखी संमती आधीच घेणे श्रेयस्कर.

पहिले तीन महिने निर्णायक

श्वानपालनात तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ठोकताळा रूढ आहे. पहिल्या तीन दिवसांत कुत्रा गोंधळलेला असतो. तो कोपऱ्यात लपेल, कदाचित जेवणारही नाही. तीन आठवड्यांत त्याला घराची दिनचर्या कळू लागते. हे घर आपले आहे, अशी खात्री वाटण्यास सुमारे तीन महिने लागतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी पाहुण्यांना बोलावणे, आंघोळ घालणे किंवा मुलांना मिठी मारू देणे टाळावे.

या काळातील सर्वांत मोठा धोका पळून जाण्याचा असतो. मोकळ्या आवारात वाढलेला कुत्रा दार उघडे दिसताच बाहेर धाव घेतो आणि अनोळखी परिसरात हरवतो. गळ्यातील पट्ट्यासोबत छातीपट्टाही वापरावा, गळ्यात दूरध्वनी क्रमांकाची चकती असावी आणि काही महिने त्याला मोकळे सोडू नये.

दया हा प्रारंभ, जबाबदारी पुढची

कुत्रा घरात आला म्हणजे १० ते १५ वर्षांची बांधिलकी आली. घराची राखण व्हावी एवढ्याच हेतूने मवाळ कुत्रा आणून त्याला दिवसभर साखळीला बांधणे म्हणजे एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात टाकणे होय. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, या दोन्ही बाबी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार गुन्हा आहेत. खरोखरच जमत नसल्यास कुत्रा केंद्राकडेच परत द्यावा. रस्त्यावर सोडू नये. दत्तक करारात तशी अट असावी.

घरात कोणी दिवसभर नसेल, कुटुंबातील एखाद्याचा तीव्र विरोध असेल किंवा वर्षभरात स्थलांतर ठरलेले असेल, तर आज नकार देणे हाही जबाबदार निर्णय ठरतो. अशा व्यक्तींना आठवड्यातून एकदा केंद्रात जाऊन एखाद्या शांत कुत्र्याला फिरवून आणता येईल. माणसांच्या सहवासात राहिलेले कुत्रे पुढे येणाऱ्या कुटुंबाजवळ न घाबरता जाऊ शकते. त्यामुळे त्याला घर मिळण्याची शक्यता वाढते.