मजकुराच्या वेषातील जाहिरात

वर्तमानपत्राच्या पानावर जाहिरातीभोवती चौकट आखण्याचा जो दस्तूर होता, त्याचा खरा हेतू शोभेचा नसून सरहद्द दाखविण्याचा होता. चौकटीच्या आतील शब्द दुकानदाराचा व बाहेरील संपादकाचा, हे वाचकास न सांगता कळे. आता मात्र ती सरहद्द पुसून टाकणे हाच एक किफायतशीर व्यवसाय होऊन बसला असून, बातमीचाच टाइप, तिचीच मांडणी आणि तिचाच सूर उचलून मोबाइलच्या पडद्यावर अवतरणाऱ्या या प्रकाराला जाहिरातवाले नेटिव्ह जाहिरात म्हणतात.

2013 च्या जानेवारीत 'द अटलांटिक' या प्रतिष्ठित अमेरिकन मासिकाच्या संकेतस्थळावर सायंटॉलॉजी पंथाच्या प्रमुखाची मुक्तकंठाने स्तुती करणारा मजकूर, मोबदला घेऊन, लेखाच्याच थाटात प्रसिद्ध झाला. तो प्रायोजित असल्याची पट्टी माथ्यावर असूनही वाचक असे खवळले, की काही तासांतच तो काढून मासिकाला जाहीर माफी मागावी लागली.

तेथे निदान पट्टी तरी होती. 2015 च्या मार्चमध्ये लॉर्ड अँड टेलर या तिथल्याच कापडचोपडाच्या बड्या पेढीने इन्स्टाग्रामवरील 50 लोकप्रिय मंडळींना कोयरीच्या नक्षीचा एकच झगा भेट दिला, वर प्रत्येकी 1,000 ते 4,000 डॉलर मोजले, आणि तो अंगात घालून काढलेली छायाचित्रे एकाच आठवडाअखेरीस झळकतील असा बंदोबस्त केला. करारात पेढीचा उल्लेख कसा करावा याची ताकीद होती, मजकूर आधी पेढीकडून तपासून घेतला जात होता; पैसे मिळाल्याचे सांगावे, ही अट तेवढी नव्हती. झगा हातोहात खपला. पुढच्या वर्षी फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकन सरकारी यंत्रणेने या लबाडीबद्दल पेढीवर ठपका ठेवला. पण तोवर माल विकून झाला होता.

यात एकही वाक्य खोटे असण्याची गरज नसते, हीच खरी गोम आहे. झगा सुरेखही असेल. परंतु ही पसंती विकत घेतलेली आहे, एवढे कळले असते तर गिऱ्हाइकाने तिचे मोल निराळे केले असते. आपण महाराष्ट्रीयांनी तरी यात परकेपण मानू नये: 2009 च्या विधानसभा निवडणुकीत परस्परांच्या स्पर्धक दैनिकांतून एकच प्रशस्तिपर मजकूर शब्दशः छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते.

भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांनुसार फुकट मिळालेली वस्तूसुद्धा मोबदल्यातच जमा होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ज्या 13 क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत छुपी जाहिरातही आहे. तरीही प्रायोजित हा शब्द फिकट करड्या रंगात, बारीक अक्षरांत, वाचकाचा अंगठा सरकून जाईल अशा कोपऱ्यात ठेवण्याची मुभा धंदेवाईक मंडळी स्वतःच घेतात.